विश्लेषण : गाडी तयार, पण सॉफ्टवेअरच नाही! वाहन कंपन्या कोडऐवजी ‘मॉडेल’वर का भर देत आहेत?

पोर्शची इलेक्ट्रिक ‘मॅकन’ लांबणीवर पडली, ती सॉफ्टवेअर वेळेत तयार न झाल्यामुळे. पोर्श ज्या फोक्सवॅगन समूहात आहे, त्या समूहाने २०२४ मध्ये अमेरिकेतील नवख्या रिव्हियन कंपनीत अब्जावधी डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. त्यामागेही मुख्य ओढ सॉफ्टवेअरचीच होती. दशकानुदशके गाड्या बनवणाऱ्यांना सॉफ्टवेअर इतके जड का जात आहे?

अडचण नेमकी कुठे?

एका गाडीत ‘हवे की नको’ अशा ३३ सोयी आहेत असे समजा. सगळ्या जोड्या धरल्या तर तिचे ८५८ कोटींहून अधिक प्रकार होतात, म्हणजे जगाच्या लोकसंख्येपेक्षाही जास्त. प्रत्यक्षात पर्याय याहून अधिक असतात. प्रत्येक प्रकारासाठी जुना कोड कॉपी करून थोडा बदलायचा, ही पद्धत इथे कोलमडते. एका प्रतीतली चूक दुरुस्त झाली, तरी बाकीच्या प्रतींत ती तशीच राहते.

‘प्रॉडक्ट लाइन’ म्हणजे काय?

एकच वाटण करून त्यावर चार भाज्या करण्यासारखा हा प्रकार. समान भाग एकदाच बनवायचा आणि फरक कुठे पडतो ते नोंदवून ठेवायचे. ही नोंद म्हणजे ‘फीचर मॉडेल’. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने १९९० मध्ये ही कल्पना मांडली. त्यात नियमही असतात. उदाहरणार्थ, सनरूफच नसेल, तर ‘पावसात सनरूफ आपोआप बंद’ ही सोय निवडताच येणार नाही.

मॉडेलची जोड कशासाठी?

दुसऱ्या पद्धतीत अभियंता ओळीन् ओळ कोड लिहीत नाही. ब्रेक कधी, किती लागावा याचे आकृतीरूप मॉडेल तो सिम्युलिंकसारख्या साधनात तयार करतो, संगणकावरच तपासतो आणि त्यावरून कोड आपोआप तयार होतो.

दोन्ही पद्धती एकत्र आल्या की सगळे पर्याय सामावणारे एकच मोठे मॉडेल बनते. त्याला ‘१५० टक्के मॉडेल’ म्हणतात. हव्या त्या सोयी निवडल्या की नको असलेला भाग गळतो आणि त्या गाडीपुरता कोड मिळतो. चूक एकदा मॉडेलमध्ये सुधारली की ती सगळ्या प्रकारांत सुधारता येते.

मग धोका कोणता?

मॉडेलमधली चूकही तितक्याच सहजतेने सगळीकडे पोहोचते. शिवाय जुना भाग नव्या ठिकाणी वापरताना त्यामागची गृहीतके तपासावी लागतात. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. रॉकेटची दिशा आणि स्थिती मोजणारे सॉफ्टवेअर एरियन ४ मधून घेतले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता आणि त्यासंबंधीचा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. जुन्या रॉकेटसाठी बरोबर असलेला कोड नव्यासाठी घातक ठरला. ‘वेग अमुक मर्यादेतच राहील’ ही अट मॉडेलमध्ये स्पष्ट नोंदवली, तरच यंत्र ती तपासू शकते.

आताच चर्चा का?

जुलै २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या गाड्यांना सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर अपडेटबाबतचे संयुक्त राष्ट्रांचे नियम लागू झाले. कोणत्या गाडीत कोणते सॉफ्टवेअर आहे, याचा हिशेब आता कंपनीकडे हवाच. पेट्रोलवरची जुनी मॅकन सायबर सुरक्षेच्या नियमांत बसवण्याऐवजी पोर्शने तिची तिथली विक्रीच थांबवली.

पुण्यासाठी हा विषय दूरचा नाही. केपीआयटीसारख्या तिथल्या कंपन्या जगभरच्या वाहन उद्योगासाठी सॉफ्टवेअर बनवतात. कोड लिहिणे यंत्राकडे जाईल, तसे योग्य मॉडेल बनवणे आणि त्यातल्या अटी ओळखणे याला मोल येईल. ग्राहकासाठी प्रश्न साधा आहे: अपडेट आल्यावर ते आपल्या गाडीच्या नेमक्या प्रकारावर तपासले गेले आहे का?