लाईट गेले तर?

परवा जेवायच्या सुट्टीत टीममधल्या एका मित्राला मार्क क्विनच्या 'सेल्फ'चा फोटो दाखवला. गड्याने डबाच बंद केला! "स्वतःचं रक्त काढून स्वतःचं डोकं बनवलं? ही कला? विकृती आहे ही. आणि त्यात कसब ते काय? साच्यात ओता, गोठवा. बर्फाच्या गोळेवाल्यालाही जमेल." अख्खं टेबल हसलं. मीही हसलो (भित्रेपणा, दुसरं काय). तेव्हा द्यायचं उत्तर आज शनिवारी देतोय.

आधी माहिती. क्विन हा ब्रिटिश शिल्पकार. १९९१ साली त्याने पाच महिन्यांत थोडं थोडं करून साडेचार लिटर रक्त काढलं, म्हणजे एका माणसाच्या अंगात साधारण असतं तेवढं. आपल्याकडे पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये तीन महिने थांबायला सांगतात, यावरून अंदाज करा. ते रक्त स्वतःच्या डोक्याच्या साच्यात गोठवलं. दर पाच वर्षांनी तो नवं डोकं करत आलाय, आधीपेक्षा म्हातारं. आपल्या भाषेत, नवं व्हर्जन. २००६ सालचं डोकं लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने २००९ मध्ये घेतलं.

आता 'विकृती'बद्दल. फोटो नीट बघा. डोळे मिटलेले, चेहरा शांत, दुपारी डुलकी लागलेल्या माणसासारखा. किळस आणायचीच असती, तर असा चेहरा कशाला केला असता?

'कसब' म्हणाल, तर आपण कोडच्या ओळी मोजून प्रोग्रॅमरचं कौतुक करतो का? मग शिल्पकाराचे छिन्नीचे घाव का मोजायचे? या कामातली खरी करामत फ्रीझरमध्ये आहे. डोकं ज्या काचेच्या पेटीत ठेवलंय, ती सतत थंड ठेवावी लागते. वीज बंद म्हणजे शिल्प खलास, खाली लाल थारोळं. त्या काळात क्विन दारूच्या आहारी गेलेला होता. कशाच्या तरी आधारावरच जिवंत राहणं हा या कामामागचा विचार होता, असं त्यानेच नंतर सांगितलंय.

संगमरवर आणि ब्राँझ आपल्याला हजारो वर्षं एक सोयीस्कर थाप मारत आलेत, की माणूस टिकतो. हे डोकं तसं काही म्हणत नाही. आणि ते खरं बोलतंय हे मला ठाऊक आहे, कारण मी ते बघितलंय.

माझ्या बाबांचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. नळीतून रक्त बाहेर, मशीनमधून फिरून पुन्हा आत. एकदा मी शेजारी बसलेलो असताना लाईट गेले. मशीन बॅटरीवर गेलं, अलार्म वाजायला लागला. पंप फिरत होता, काळजीचं काही नव्हतं. पण जनरेटर सुरू होईपर्यंत मी त्या लाल नळीकडे बघत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कळलं की माझा बाप एका प्लगवर आहे. माणसाचं शरीर म्हणजे काय, हे बारावीच्या बायोलॉजीने मला इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

क्विनचं सगळंच मला पटतं असं नाही हं. याच माणसाने २००८ मध्ये केट मॉसचा सोन्याचा पुतळा केला आणि तो ब्रिटिश म्युझियममध्ये मांडला गेला. सोन्याला वीज लागत नाही, म्हणूनच बहुतेक त्या पुतळ्याने मला काहीच झालं नाही. शरीर नुसतं 'वापरलं' म्हणून शिल्प मोठं होत नाही. ते शरीर कशावर तगून आहे, हे दाखवलं तर होतं.

काल रात्री बाबांनाही तोच फोटो दाखवला. जरा भीतभीतच. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "लाईट गेले तर काय करतात रे?"

बस्स. आमच्या टेबलावरच्या सहा इंजिनियरांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नव्हता.

असो. सोमवारी मित्राला हे सगळं तोंडावर सांगणार आहे. त्याचा डबा संपल्यावर :)