लवंगांच्या बेटावरून आलेला मुलगा



कापसाची वेचणी जोरात आहे, तुरीला शेंगा धरू लागल्या आहेत. तेव्हा या पानावर आज फवारणीबद्दल काही असेल, असे तुम्हाला वाटले असेल. ते पुढच्या आठवड्यात. आज एका गायकाची हकीकत सांगायची आहे. २४ नोव्हेंबर हा त्याचा स्मृतिदिन. तो गायला इंग्रजीतून आणि नावारूपाला आला विलायतेत. पण त्याच्या आईवडिलांपुढे जो प्रश्न होता, तोच आज आर्वी, सेलू, हिंगणघाटकडच्या कितीतरी घरांपुढे आहे. पोराला शिकायला दूर ठेवायचे का, आणि त्याला पुस्तकापेक्षा दुसऱ्याच कशाची ओढ असली तर काय करायचे?

त्याचे नाव फरोख बलसारा. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखते. घराणे पारशी. पारशांचे पूर्वज हजाराहून अधिक वर्षांपूर्वी इराणातून गुजरातच्या किनाऱ्यावर आले आणि इथलेच झाले. बलसारा हे आडनाव बलसाडवरून पडले. त्याच गावाला आज वलसाड म्हणतात. फरोखचे वडील बोमी इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. ते खजिनदाराच्या कामावर आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावर गेले. एकेकाळी जगातली बहुतेक लवंग झांजिबार आणि त्याच्या शेजारच्या पेंबा बेटावर पिकत असे. तिथे ५ सप्टेंबर १९४६ रोजी फरोखचा जन्म झाला.

आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला बोटीने हिंदुस्थानात पाठवले आणि सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, वसतिगृहात ठेवले. घर समुद्रापलीकडे होते. अनेकदा सुटीत तो मुंबईला आजी आणि आत्याकडे राही. पोर लाजाळू, त्यात वरचे दात पुढे आलेले. मुले त्यावरून चिडवत. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला मिळाले ते याच शाळेत.

इथे एक गोष्ट घडली, ती नीट ध्यानात घ्या. मुलाला संगीताची जाण आहे हे मुख्याध्यापकांच्या लक्षात आले. त्यांनी घरी पत्र लिहून कळवले, की थोडी जादा फी भरली तर याला पियानो रीतसर शिकवता येईल. आईवडिलांनी ती फी भरली. मुलगा पियानोच्या परीक्षा देऊ लागला, आणि १९५८ साली, अवघ्या बाराव्या वर्षी, चार मित्रांबरोबर त्याने शाळेतच वाद्यवृंद उभा केला.

आता आपल्या गावाकडे पाहा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्याईने आपल्याकडे बहुतेक गावांत भजनी मंडळ आहे. त्यात एखादा पोरगा खंजेरी अशी धरतो, की म्हातारी माणसे मान डोलावतात. घरी आल्यावर त्याला काय ऐकायला मिळते? “हे करून पोट भरणार आहे का?” प्रश्न खोटा नाही. नापिकी आणि कर्ज सोसलेल्या बापाने तो विचारला, तर त्याला दोष देता येत नाही. पण बोमी बलसारांनीही मुलगा मोठा गवई होईल म्हणून फी भरली नव्हती. त्याच्या अंगी एक गुण दिसला, तो वाया जाऊ नये एवढेच त्यांनी पाहिले. शाळा सुरूच होती.

पुढे १९६३ साली फ्रेडी झांजिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, कत्तली झाल्या. जिवाच्या भीतीने हे कुटुंब लंडनजवळ फेल्टम इथे आले आणि सगळे नव्याने मांडावे लागले. हा मुलगा विमानतळावर सामान चढवण्याचे कामसुद्धा करून आला. चित्रकला कॉलेजात शिकून त्याने १९६९ साली पदविका घेतली. १९७० मध्ये दोन सोबत्यांबरोबर ‘क्वीन’ नावाचा वाद्यवृंद काढला. त्याचे बोधचिन्हही त्यानेच रेखाटले. १९७५ साली त्याचे सुमारे सहा मिनिटांचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आले. एवढे लांब गाणे रेडिओवर कोण वाजवणार, असे जाणकार म्हणत होते. ते विलायतेत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

आपल्याला जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट. इथिओपियात पाऊस रुसला, त्यात यादवी, आणि लाखो माणसे भुकेने गेली. त्यांच्या मदतीसाठी १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर मोठा कार्यक्रम झाला. फ्रेडी सुमारे वीस मिनिटे गायला आणि सत्तर हजारांवर माणसे त्याच्या इशाऱ्यावर टाळ्या देत राहिली. पाचगणीत दातांवरून चिडवले जाणारे पोर ते हेच.

शेंदूरजना घाटहून आणलेली संत्र्याची कलमे तुम्ही लावली आहेत. खाली खुंट जंबेरीचा, वर डोळा संत्र्याचा. फळ पाहून खुंट ओळखू येत नाही, पण झाड उभे असते त्याच्याच मुळांवर. फ्रेडी आपल्या मुळाबद्दल फारसा बोलत नसे. तरी शेवटचे संस्कार पारशी दस्तुरांच्या प्रार्थनेनेच झाले.

तो गेला एड्सने, पंचेचाळिसाव्या वर्षी. आजाराची बातमी त्याने जगापासून लपवून ठेवली होती. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने ती जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी प्राण सोडला. एवढा नावाजलेला माणूस, पण लोक काय म्हणतील हे भय त्यालाही चुकले नाही. आपल्या जिल्ह्याला हे भय नवे नाही. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना लोक दूर ठेवत, तेव्हा सेवाग्रामात गांधीजींनी त्यांना आपल्याजवळ ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या जखमा धुतल्या.

फ्रेडी गेला तेव्हा एड्सवर परिणामकारक औषध नव्हते. १९९६ पासून एकत्र द्यायची औषधे आली. आपल्या देशात २००४ पासून ती सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळतात. रोज नेमाने घेतली तर माणूस कामधंदा करून पुष्कळ वर्षे जगतो. चाचणीही मोफत होते आणि नाव गुप्त ठेवले जाते. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते. एका ताटात जेवल्याने किंवा हात धरल्याने हा रोग लागत नाही.

तेव्हा दोन कामे करा. मुलगा असो की मुलगी, त्याच्या अंगचा गुण मास्तरांनी सांगितला, तर लगेच हसण्यावारी नेऊ नका. शाळा सांभाळून तो शिकवता येतो का, ते पाहा. आणि मूल नागपूर-पुण्याला ठेवले असेल, तर फोनवर फक्त मार्क विचारू नका. त्याला काय खुपते तेही विचारा. वाईट बातमी घरी सांगता येते, हा भरवसा त्याला लहानपणापासून असू द्या.

पुढच्या आठवड्यात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीबद्दल. तोवर रोज सकाळी वावरात फेरी मारून शेंगा पाहत जा.