पाठ पाहा

तान्ह्या मुलीच्या कमरेवर, मणक्यांच्या अगदी मध्यावर, लांब केसांचा दाट पुंजका दिसतो. जावळाबरोबर तोही जाईल, असे म्हणून घरचे तो मनावर घेत नाहीत. पण त्या पुंजक्याखाली मज्जारज्जू दुभंगलेला असू शकतो. गर्भावस्थेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घडणारा हा दुर्मीळ दोष. न्यूरोसर्जन पँग यांनी १९९२ साली त्याचे दोन प्रकार मांडले. पहिल्यात दोन भागांमध्ये हाडाचा काटा उभा असतो आणि प्रत्येक भागाला वेगळे आवरण असते; दुसऱ्यात आवरण एकच, मधला पडदा तंतूंचा.

मूल वाढते तसा कणा लांबतो आणि काट्याला अडकलेला मज्जारज्जू ताणला जातो. मग एक पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान राहते. चालताना चप्पल निसटते आणि मुलीला ते कळतच नाही. तळव्याला जखम होते, पण दुखत नाही. पुढे लघवीवरचा ताबा सुटतो, पाठ वाकते. मुलगी हाडांच्या डॉक्टरकडे पोहोचते ती बहुधा तेव्हा.

शस्त्रक्रिया नाजूक आहे, पण तिची रीत आता पक्की झाली आहे. मायक्रोस्कोपखाली मणक्याची मागची कमान उघडतात, काटा मुळापर्यंत झिजवून काढतात, दोन आवरणांचे एक करतात. मज्जारज्जूला खालून जखडणारा तंतू कापायचा तो काटा निघाल्यावरच. आधी कापला तर वर सरकणारा मज्जारज्जू त्याच काट्यावर रुतेल. वाकलेला कणा सरळ करण्याची घाईही तितकीच घातक. काटा आत असताना कणा ताणला, तर चालते पाय लुळे पडू शकतात. आधी एमआरआय हवाच.

शस्त्रक्रियेने पुढची हानी बहुधा थांबते. गेलेली ताकद मात्र पूर्ण परत येईलच असे नाही. म्हणून वेळेला एवढे मोल.

बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याच्या आजारांच्या यादीत पहिले नाव मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांचेच आहे. उघडी गाठ कोणालाही दिसते. कातडीखाली झाकलेला दोष झबल्याआड राहतो. तेव्हा बाळाला वजनकाट्यावर ठेवण्याआधी झबले काढा आणि मानेपासून माकडहाडापर्यंत बोट फिरवा. पुंजका, खोल खळगा, लाल डाग किंवा चरबीची गाठ दिसली, तर पहिल्या तीन-चार महिन्यांत भूल न देता साध्या सोनोग्राफीतही पुष्कळ काही कळते.