भामरागडपर्यंत टिकणारी दुरुस्ती

मे महिना उजाडला की विदर्भातल्या गॅरेजांत दोन वाक्ये सकाळ-संध्याकाळ कानावर पडतात. एक, ‘गाडी गरम होतेय.’ दुसरे, ‘पावसाआधी टायर बदलून द्या.’ गाडी नवी असेल तर दोन्हींची उत्तरे ठरलेली असतात आणि सुटा भाग फोनवर मागवता येतो. पण गाडी जुनी विलीज-महिंद्रा जीप असेल आणि तिला भामरागडला जायचे असेल, तर याच दोन वाक्यांत कारागिराचा कस लागतो.

आलापल्लीहून भामरागड सुमारे ६५ किलोमीटर. वाटेत पेरमिली, ताडगाव, हेमलकसा आणि दोन्ही बाजूंना जंगल. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात ही वाट बंदच होई. पुढे डांबर आले, तरी पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहू लागले की भामरागड जगापासून तुटते, हे आपण अनेक पावसाळ्यांत वाचले आहे. उन्हाळ्याचे सांगायलाच नको. चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेलेला आपण सगळ्यांनी सोसला आहे. वाटेत सुट्या भागांचे दुकान नाही, ओढून न्यायला गाडी मिळेलच असे नाही आणि मोबाइलची रेंज येते-जाते. नागपुरात अंदाजाने भाग बदलला आणि चुकला तर गिऱ्हाईक संध्याकाळी परत येते. पेरमिलीच्या पुढे तसे होत नाही. म्हणून या अंकाचा आग्रह एकच आहे: जुन्या गाडीवर आधी मोजा, मग खोला, बदला सगळ्यात शेवटी.

‘गाडी गरम होते’ एवढ्यावर पाना उचलू नका. ‘कधी गरम होते’ हे विचारा, निम्मे निदान तिथेच होते. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांमागे रांगेत सरकताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, असे मालक म्हणाला तर संशय हवेवर घ्या. पंख्याचा पट्टा सैल असेल, पंखा उलटा बसवला असेल, पंख्याभोवतीचे पत्र्याचे कवच कुणीतरी काढून फेकले असेल किंवा रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि पाचोळा अडकला असेल. याउलट हळू चालताना ठीक आणि पन्नास-साठच्या वेगाला तापत असेल, तर पाणी पुरेसे फिरत नाही. रेडिएटरच्या नळ्या तुंबल्या असतील, पंपाचे पाते झिजले असेल किंवा खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने चपटा होत असेल. हा चपटा होणारा पाइप फार फसवतो. गाडी उभी करून बॉनेट उघडेपर्यंत तो पुन्हा गोल झालेला असतो. त्याच्या आतली तारेची स्प्रिंग गंजून गेली की हे होते. तेव्हा उभ्या गाडीचे इंजिन जोरात फिरवून पाइपावर नजर ठेवा. गाडी बंद केल्यानंतरच पाणी उकळत असेल, तर ते बहुधा बिडात साठलेल्या उष्णतेचे काम आहे. अशा वेळी बंद करण्याआधी दोन मिनिटे इंजिन आरामात चालू ठेवायला सांगितले तरी पुष्कळदा भागते.

त्यानंतर मोजणे. तापमान मोजायची बंदूक आता कोणत्याही गॅरेजला परवडते, पण ती वापरायची रीत आहे. चकचकीत पितळावर ती कमी आकडा दाखवते. म्हणून टाकीवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. वरची टाकी आणि खालची टाकी यांत फरक फार मोठा असेल, तर पाणी सावकाश फिरते आहे. दोन्ही टाक्या जवळजवळ सारख्याच तापल्या असतील, तर पाणी फिरते आहे पण उष्णता बाहेर जात नाही. जाळीवर आडवी-उभी बंदूक फिरवली की थंड पट्टे सापडतात आणि तुंबलेल्या नळ्या तिथेच असतात. हे सगळे करण्याआधी काट्याची खात्री करून घ्या. त्याचा बल्ब उकळत्या पाण्यात धरा, काटा शंभराच्या आसपास थांबला नाही तर दोष इंजिनाचा नसून काट्याचा आहे. पाच मिनिटांच्या या चाचणीने कितीतरी रेडिएटर विनाकारण खोलले जाण्यापासून वाचतील.

पाण्याचा प्रश्न आपल्या भागात वेगळाच आहे. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले की क्षार ब्लॉकच्या भिंतींना धरतात. बिडातून उष्णता जितक्या सहज वाहते, त्याच्या विसाव्या हिश्श्यानेही ती त्या थरातून वाहत नाही. सर्वांत जास्त गाळ चौथ्या सिलिंडरच्या मागे बसतो, कारण ते पंपापासून सर्वांत दूर. ब्लॉकचा निचऱ्याचा कॉक उघडून पाणी आले नाही, तर ‘पाणी नाही’ असे समजू नका. कॉक काढा, तार घाला, गाळ फोडा. रेडिएटर उलट्या दिशेने धुवा. तेजाब मात्र वापरू नका, ते क्षारांबरोबर झाळही खाते. सायट्रिक अ‍ॅसिडचे सौम्य द्रावण पुरेसे आहे, पण नंतर भरपूर पाण्याने धुतले पाहिजे. भरताना बॅटरीचे पाणी आणि गंजरोधक कूलंट. भामरागडच्या मालकाला आणखी एक सांगता येईल. तिथे पावसाचे पाणी मुबलक आहे आणि ते मऊ असते. पहिल्या दोन-तीन सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर कॅनमध्ये भरून ठेवलेले पाणी वर्षभर रेडिएटरला चालते, मात्र कूलंट त्यातही घातलेच पाहिजे.

आता दोन सवयींबद्दल स्पष्ट बोलायला हवे. पहिली, नव्या गाडीचे झाकण जुन्या रेडिएटरला लावणे. पाण्यावर ४ पौंडांचा दाब असला तर ते सुमारे १०७ अंशांना उकळते, ७ पौंडांना १११ आणि १५ पौंडांना १२१. आकडे पाहून मोह होतो. पण जुन्या जीपचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, झाळून जोडलेला आणि कमी दाबासाठी बनवलेला आहे. १५ पौंडांच्या झाकणाखाली टाकीचा सांधा उसवला, तर तो ताडगावच्या अलीकडे उसवतो की पलीकडे, हे आपल्या हातात नसते. पुस्तकात जो दाब दिला आहे त्याचेच झाकण लावा, आणि त्याचे रबर दर वर्षी पाहा.

दुसरी सवय थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. तो काढून गाडी थंड चालते, असा समज आपल्या धंद्यात घट्ट बसला आहे. समर्थनासाठी ‘पाणी अडले नाही तर ते लवकर फिरते’ असे म्हटले जाते, तर विरोध करणारे ‘पाणी इतक्या वेगाने जाते की थंड व्हायला वेळ मिळत नाही’ असे सांगतात. दुसरा युक्तिवादही चुकीचा आहे. वेगाने फिरणारे पाणी उष्णता कमी नाही, जास्तच नेते. थर्मोस्टॅट न काढण्याचे खरे कारण वेगळे आहे. थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे ब्लॉकमध्ये थोडा जास्त दाब राहतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सभोवती वाफेचे बुडबुडे होत नाहीत. तो काढला की तिथे स्थानिक उकळी फुटू शकते, आणि काट्याला ती दिसतही नाही. शिवाय हिवाळ्यात जंगलातल्या सकाळी इंजिन बराच वेळ गारच राहते, तेल घट्ट राहते, त्यात पाणी आणि काजळी जमते, लाइनर झिजतो. थर्मोस्टॅट अडकतो की नाही हे पातेल्यात थर्मामीटरसह उकळून पाहा. ठरलेल्या अंशावर उघडला तर परत बसवा, नाही तर नवा घाला. रिकामे घर बसवून बिल करणे ही दुरुस्ती नव्हे.

थंड करण्याची सगळी यंत्रणा निर्दोष निघाली आणि तरी गाडी तापली, तर मूळ कारण इतरत्र असते. पेट्रोल इंजिनात स्पार्क उशिरा पडला की ज्वाळा सिलिंडरमध्ये उशिरापर्यंत जळत राहते आणि उष्णता पाण्यात उतरते. पॉइंटचे अंतर आणि टायमिंग पाहण्याला एक पैसाही लागत नाही. कार्ब्युरेटरच्या बुडाची गॅस्केट फाटली की हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने हे आणखी वाढवले आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडते. त्यात जुन्या इंधन पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या इथेनॉलला टिकतीलच असे नाही. जेट एक नंबर मोठा करून प्लगचा रंग वाचा आणि नळ्या इथेनॉलला चालतील अशाच घाला. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट, आणि चाके हाताने फिरवताना जड लागत असतील तर धरलेले ब्रेक, हेही तपासायला विसरू नका. डिझेलवर बदललेल्या जीपांत स्पार्कच्या टायमिंगच्या जागी डिझेल पंपाचे टायमिंग आणि रेडिएटरचा आकार पाहावा. पेट्रोल इंजिनाच्या रेडिएटरवर डिझेल इंजिन बसवलेल्या जीपा आपल्याकडे कमी नाहीत.

आणि मग टायर. पुष्कळ गॅरेजांत इंजिनाचा मिस्त्री आणि टायरचा कामगार एकमेकांशी बोलतही नाहीत, पण जुन्या जीपमध्ये दोन्ही कामे एकाच हिशेबात येतात. मूळ माप ६.००-१६, नायलॉन, म्हणजे सुमारे ७३० मिलिमीटर व्यासाचे चाक. हल्ली त्याजागी बोलेरोच्या रिमसह २१५/७५ आर १५ बसवतात, त्याचा व्यास सुमारे ७०३. जुन्या विलीजच्या ५.३८ एक्सलवर ताशी ६० किलोमीटरला इंजिन सुमारे २४५० ऐवजी २५४० फेरे घेते. एवढ्याने इंजिन उकळत नाही. पण स्पीडोमीटर चार टक्के जास्त दाखवू लागतो आणि एक्सलखालची जागा तेरा मिलिमीटरने घटते. खरा घोळ होतो तो रुबाबासाठी ७.५०-१६ बसवल्यावर. चाक जवळजवळ दहा टक्के मोठे, म्हणून त्याच वेगाला इंजिन आणि पंखा दोन्ही हळू फिरतात आणि भार मात्र वाढतो. चढावर, भर उन्हात, टॉप गिअरमध्ये इंजिन कण्हते आणि काटा चढतो. मग रेडिएटर बदलला जातो आणि दोष टायरचाच राहतो. म्हणून ‘कधी तापते’ याच्या जोडीला ‘टायर केव्हा आणि कोणता बदलला’ हेही विचारा.

बसवताना काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. विलीज वंशाच्या अनेक जुन्या जीपांत डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असतात, आणि त्यांच्या टोकावर ‘एल’ कोरलेला असतो. गन लावून ते तोडू नका. लष्करी लिलावातून आलेल्या जीपांची रिम दोन भागांची, बोल्टनी जोडलेली असते. हवा पूर्ण काढल्याशिवाय ते बोल्ट सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ. जुन्या रिवेटच्या रिममधून हवा गळते, म्हणून ट्यूब लागतेच. रेडियल टायरला रेडियलचीच ट्यूब घाला, नायलॉनची घातलीत तर बगलेच्या लवचिकतेने ती घासून फाटेल. टायरच्या आत चिकटवलेला कागद काढा, रिमचा गंज घासा, टाल्कम पावडर लावा. एकाच एक्सलवर नायलॉन आणि रेडियल मिसळू नका. बगलेवरचे चार अंक नीट वाचा: २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. नक्षी पूर्ण असली तरी पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी नीट तपासावा आणि दहा वर्षे झाली की काढून टाकावा. जुन्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

फोर-बाय-फोर वापरणाऱ्या मालकाला चारही चाकांचा घेर सारखा असायला हवा, हे पटवून द्या. दोन नवे आणि दोन झिजलेले टायर घेऊन गिअर लावला की ट्रान्सफर केसमध्ये ताण अडकतो. पाचवे चाकही त्याच मापाचे ठेवा आणि पाचही चाके फेरपालट करा. चाके थरथरतात म्हणून टायरला दोष देण्याआधी किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉड आणि स्प्रिंगचे शॅकल पाहा. नवे चाक बसवल्यावर ५० ते ८० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावे लागतात. आलापल्लीहून निघालेल्या मालकाला हे आवळायचे ठिकाण आपोआपच हेमलकसा किंवा भामरागड पडते, तेव्हा पाना गाडीत ठेवलात का हे विचारा.

जुन्या गाड्यांच्या मालकांना एका नियमाचीही माहिती द्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांपेक्षा जुन्या खाजगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज जंगलात जाणाऱ्या जीपला ही नोंदणी गैरसोयीची आहे. मानाची पाटी हवी की कामाची गाडी, हे मालकाला आधी ठरवायला सांगा.

शेवटी पैशाचा प्रश्न. आपल्या धंद्यात मजुरी भाग बदलण्याची मिळते, निदानाची नाही. म्हणूनच निदान घाईने उरकले जाते आणि चांगला रेडिएटर भंगारात जातो. आमचे स्पष्ट मत आहे की निदानाची मजुरी बिलात वेगळी लिहावी आणि त्याबरोबर गिऱ्हाइकाला एक कागद द्यावा. त्यावर दोन टाक्यांचे तापमान, झाकणाचा दाब, थर्मोस्टॅट उघडण्याचा अंश, टायमिंग, टायरचे माप व त्याची तारीख, आणि पाचही चाकांची हवा एवढे असावे. पुढच्या वेळी गाडी आपल्याकडे आली काय किंवा आलापल्लीच्या एखाद्या मिस्त्रीकडे गेली काय, तो शून्यापासून सुरुवात करणार नाही. मालकही त्या कागदाचे पैसे देईल, कारण पहिल्यांदाच त्याला कळेल की आपण कशाचे पैसे देतो आहोत.