घोडा का अडला?

परवा शाळेच्या फाटकाबाहेर आठवीच्या मुलांनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा जत्रेत एक तरुण घोडा भरधाव आणतो, समोर आडवा बांबू. घोडा ऐनवेळी थांबतो, तरुण मानेवरून खाली. उठल्या उठल्या त्याने घोड्याला चाबकाने बडवलं. मुलं हसली.

पान सडलं, भाकरी करपली, घोडा अडला, कारण एकच, फिरवलं नाही. हे कोडं मी उर्दूच्या तासालाही घालतो आणि मराठीच्याही. घोड्यापुरतं ते उत्तर मला आता पटत नाही. घोडा पुष्कळ फिरवलेला असतो, स्वार शिकलेला नसतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपातली घोडदळंसुद्धा शिकवत की उडीच्या वेळी मागे रेला, लगाम धरून ठेवा. इटलीच्या फेदेरिको काप्रिल्ली या अधिकाऱ्याने मोकळा घोडा उडी कशी मारतो ते निरखलं. तो मान पुढे ताणतो, मानेनेच तोल सांभाळतो. लगाम ओढलात की तोंडात लोखंड रुततं, मागे रेललात की सगळा भार पाठीवर. काप्रिल्लीने रिकीब आखूड केली, स्वाराला पुढे झुकवलं, हात घोड्याच्या तोंडामागे जाऊ दिले. 1902 मध्ये तुरीनला मेलोपो नावाच्या घोड्यावरून त्याने 2.08 मीटर उंच अडथळा ओलांडला. आज जगभर उडी शिकवतात ती त्याच्याच वाटेने.

तुम्ही म्हणाल, माराशिवाय जनावर शिकत नाही. (हे वाक्य मी शिक्षक खोलीत मुलांबद्दलही ऐकलंय.) मग जमिनीवर नुसते वासे का मांडतात? साधारण 1.3 मीटर अंतराने, दुडकी चालीचं एकेक पाऊल मध्ये पडेल असे. घोडा स्वतःच पाऊल मोजायला लागतो. लय बसली की शेवटी बुटका अडथळा, उंची त्यानंतर. सोप्याकडून कठीणाकडे, बी.एड.ला आम्ही हेच घोकलं होतं! स्वाराला तर आधी लांब दोरीवरच्या घोड्यावर, लगाम न देता, हात पसरून बसवतात. स्वतःचा तोल लगामाला लटकून सांभाळणाऱ्याने उडीच्या वाटेला जाऊच नये. उडीत पाय उंच उचलावेत म्हणून घोड्याच्या पायांवर दांडा मारणारेही असतात. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने त्यावर बंदी घातली आहे.

मुलांना मी तोच व्हिडिओ पुन्हा, सावकाश लावायला सांगितला. म्हटलं, घोडा नका बघू, हात बघा. बांबूच्या तीन पावलं आधीच तरुणाच्या दोन्ही मुठी छातीशी आलेल्या होत्या.