खरडलेल्या रानात नुसता गाळ भरून भागणार नाही

मा. संपादक,


सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्या धाराशिव जिल्ह्यात पिके गेली, जनावरे गेली, आणि परंडा-भूमकडे नदी-ओढ्याकाठची कित्येक रानेच खरडून गेली. ऑक्टोबरमध्ये शासनाने मदत जाहीर केली, तेव्हा खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामे असा आकडा सांगितला गेला. ही मदत हवीच होती आणि ती प्रत्येक पात्र शेतकऱ्याला पूर्ण मिळालीच पाहिजे. पण तेव्हापासून पारावर आणि कचेरीत बोलणे चालते ते गाळ कुठून उचलायचा, ब्रासला काय पडेल, ट्रॅक्टरच्या किती खेपा लागतील याचेच. जमीन सुधारण्याच्या या खर्चातला ठरलेला वाटा मातीतले जिवाणू आणि त्यांचे खाद्य परत आणण्यासाठी राखून ठेवावा, ही माझी मागणी आहे.

एक हेक्टर रानातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण २० लाख किलोंहून अधिक भरते. सेंद्रिय कर्ब अवघा ०.४ टक्के धरला, तरी त्या थरात आठ टनांच्या वर कर्ब होता. जिवाणू, बुरशी, गांडुळे यांची वस्ती मुख्यतः याच थरात असते आणि त्याच कर्बावर जगते. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ५ टन शेणखत घाला अशी शिफारस असते. त्या शेणखतातही बराच भाग पाणी असते आणि उरलेल्यातला बहुतेक कर्ब कुजताना हवेत निघून जातो. म्हणजे एका रात्रीत जे वाहून गेले, ते भरून यायला सलग कित्येक वर्षे लागतील. आणि आता दावणीला जनावरे तरी किती उरली आहेत?

ही माती एवढी सहज वाहून का गेली, तेही पाहिले पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बांधावरच्या झाडाखालचे, कधी नांगर न लागलेले एक वाळलेले ढेकूळ घ्या आणि दरवर्षी रोटाव्हेटर फिरणाऱ्या रानातले दुसरे घ्या. काचेच्या दोन ग्लासांत पाणी भरून दोन्ही अलगद सोडा. रानातले ढेकूळ बघता बघता विरघळते, पाणी गढूळ होते, तळाशी चिखल बसतो. बांधावरचे मात्र बराच वेळ आपला आकार धरून राहते. मुळांभोवतीच्या बुरशीचे तंतू आणि जिवाणूंनी सोडलेला चिकट पदार्थ यांनी मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवलेले असतात. ते बंध आपण पाळीवर पाळी घालून, काड आणि पाचट पेटवून तोडले आहेत. ढगफुटीसारख्या पावसापुढे चांगली जमीनही हार मानते हे खरे, पण बंध तुटलेली माती साध्या वळवाच्या पावसातही बांध ओलांडते.

तलावाचा गाळ वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. उघड्या पडलेल्या मुरमावर तो पाणी धरून ठेवतो, त्यात अन्नद्रव्येही असतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा फायदा आपण पाहिला आहे. मात्र हा गाळ वर्षानुवर्षे पाण्याखाली, हवेवाचून पडलेला असतो. नुसताच जाड थर पसरला तर वाळल्यावर तो दगडासारखा होतो, भेगाळतो आणि पहिल्या पावसात चिकटतो. त्यात शेणखत, कंपोस्ट, कुजलेले भुसकट मिसळले आणि वर एखादे पीक उभे राहिले, तरच त्याची शेतजमीन होते.

जिवाणू गेले की काय बिघडते, ते पाहायला सोयाबीनचेच घ्या. आपल्याकडे हे पीक गेल्या काही दशकांत वाढले आणि त्याला लागणारा, मुळांवर गाठी करणारा रायझोबियम जिवाणू पेरणीगणिक रानात मुरत गेला. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. एकाचे काम दुसरा करत नाही. वरचा थर गेला तिथे तो रायझोबियमही गेला. पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी एखादे झाड कुदळीने अलगद काढून मुळे धुवावीत आणि गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लाल दिसले तर हवेतले नत्र झाडाला मिळते आहे. गाठीच नसतील किंवा आतून पांढऱ्या, हिरवट निघाल्या, तर ते झाड नत्रासाठी मातीतल्या साठ्यावर आणि खताच्या पोत्यावरच जगते आहे असे समजावे. खरडलेल्या प्रत्येक गावात सहायक कृषी अधिकाऱ्यांनी येत्या खरिपात ही पाहणी बांधावर शेतकऱ्यांसमोर करावी.

काही जण म्हणतील, डीएपीची दोन पोती जास्त टाकली की झाले. आपल्या जमिनी चुनखडीयुक्त आहेत. त्यांत घातलेले स्फुरद बऱ्याच अंशी चुन्याशी जखडून बसते आणि पिकाच्या तोंडी लागत नाही. ते सोडवण्याचे काम स्फुरद विरघळवणारे जिवाणू करतात. मी रासायनिक खताच्या विरोधात नाही, पण मुरमावर जादा पोती ओतून कर्जच वाढेल. दुसऱ्या टोकाचा दावाही मला पटत नाही. जीवामृताचा ड्रम ओतला की जमीन सुधारली, हे खरे नव्हे. खायला काडीकचरा नसेल तर ओतलेले जिवाणू टिकत नाहीत.

जिवाणू खतांच्या दर्जाविषयीही बोलले पाहिजे. खत नियंत्रण आदेशात ही खते २००६ पासून आली आहेत आणि पावडर स्वरूपातल्या रायझोबियममध्ये ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात असा दंडक आहे. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली पडून राहिलेल्या पाकिटात त्यातल्या किती जिवंत राहतील? शासकीय पैशातून वाटायच्या प्रत्येक खेपेची पेशीसंख्या तपासलीच पाहिजे. परभणीचे कृषी विद्यापीठ स्वतः जिवाणू खते आणि ‘बायोमिक्स’ हे उपयुक्त जिवाणू-बुरशींचे मिश्रण तयार करते. पहिली मागणी तिथे नोंदवावी.

सगळ्यात मोठी संधी हिरवळीच्या खताची, म्हणजे ताग आणि धैंचाची आहे. भूम-परंड्याचा भाग मुळात रब्बी ज्वारीचा. जूनमध्ये ताग पेरून फुलोऱ्यात, दीड महिन्याने गाडला, तर रब्बीच्या पेरणीपर्यंत तो कुजतो आणि ज्वारी हातची जात नाही. पण त्यासाठी खरिपाचे सोयाबीन सोडावे लागते. ज्याचे घरच पुरात उघडे पडले, त्याने हा हंगाम कशाच्या भरवशावर सोडायचा? म्हणून ताग पेरणे, गाडणे आणि कंपोस्टचे खड्डे भरणे ही कामे रोजगार हमीत धरून त्याची मजुरी त्या शेतकरी कुटुंबाला द्यावी.

हे काम करणारे हात जिल्ह्यात आहेत. १९९३ च्या भूकंपानंतर इथे उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर आपल्याकडच्या बायका घरच्या जमिनीतला एकरभर तुकडा मागून घेऊन शेणखत, गांडूळखत वापरून मिश्र पिके घेत आल्या आहेत. या संस्थेला २०१६ चा संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. कंपोस्ट आणि गांडूळखताची खरेदी अशा महिला गटांकडून केली तर पैसा तालुक्यातच राहील.

आणखी एक. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ बाबी तपासल्या जातात, त्यांत जिवाणूंची एकही नाही. सेंद्रिय कर्ब तेवढा जवळचा. खरडलेल्या जमिनीच्या प्रत्येक गटाचा कर्ब काम सुरू होण्यापूर्वी आणि पुढची तीन वर्षे तपासून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. कामाचे मोजमाप केवळ ब्रासवर ठरवू नये. तागाची तयारीही आधीच हवी. त्याचे बियाणे हेक्टरी ५० ते ६० किलो लागते आणि ऐन पेरणीत ते दुकानात मिळत नाही. जिल्हा कृषी कार्यालयाने त्याची मागणी मे महिन्याच्या आत नोंदवावी.

आपला,
एक शेतकरी, ता. परंडा, जि. धाराशिव