रुग्णाच्या उशाशी कोण?

कर्करोगाची शस्त्रक्रिया कोण करतो, असे विचारले तर शाळकरी पोरगाही सांगेल, डॉक्टर करतो. परंतु शस्त्रक्रियेनंतर त्या रुग्णाला उठवतो कोण, खाऊ घालतो कोण, त्याची थुंकी पुसतो कोण, हा प्रश्न ना सरकार विचारते, ना समाज विचारतो. रुग्णाच्या उशाशी बसणारा माणूस कोणत्याही कागदावर नसतो. आज आम्हाला त्या माणसाबद्दल लिहायचे आहे. गेल्या वर्षी त्या जागेवर आम्ही स्वतः अकरा रात्री बसलो होतो.

आमचा केळापूर तालुका कापसाचा. कचेऱ्या पांढरकवड्याला, कोर्ट पांढरकवड्याला. पण मोठे दुखणे आले की यवतमाळ गाठायचे आणि तिथून पुढे नागपूर किंवा सेवाग्राम. या तालुक्यात शेतमजूर आहे, कोलाम आहे, गोंड आहे, बौद्ध आहे आणि यातल्या बहुतेकांच्या खिशात खर्ऱ्याची पुडी आहे. शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून खर्रा करून देणारी टपरी प्रत्येक चौकात उभीच राहिली. सकाळी खर्रा तोंडात टाकला की दुपारपर्यंत भूक लागत नाही, असे मजूर सांगतो. भूक मारण्यासाठी घेतलेली ही वस्तू शेवटी माणसाला मारते.

आमचे मामा आयुष्यभर सालदार म्हणून राबले. आधी त्यांचे तोंड पूर्ण उघडेनासे झाले, तिखट लागेनासे झाले, मग गालाच्या आत जखम झाली. चार महिने हळद लावून झाली, झाडपाला झाला, मेडिकलवाल्याच्या गोळ्या झाल्या. यवतमाळच्या शासकीय दवाखान्यात तुकडा काढून तपासला तेव्हा रोगाचे नाव कळले. घरच्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "मामाले सांगू नका, ते हाय खातीन." आम्ही ते ऐकले नाही. ज्याचा जबडा कापायचा आहे त्यालाच सांगायचे नाही, हा कोणता न्याय? आम्ही मामांना सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कापूस निघाल्यावर गेलं तर चालन का?" मजुराला रोगाच्या आधी हंगाम आठवतो.

नागपुरात आम्ही प्रथम गेलो ते एका धर्मादाय रुग्णालयात. खिडकीवरच्या बाबूने मामांकडे न पाहताच डिपॉझिटचा आकडा सांगितला. गरिबांसाठी राखीव खाटांबद्दल विचारले, तर "फुल्ल आहेत" एवढेच उत्तर. आम्ही वकील आहोत म्हणून कायदा सांगू शकलो. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. बिलाच्या एकूण रकमेतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. बाबूने ऐकून घेतले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. ज्याच्यासोबत वकील नाही त्याचे काय होत असेल?

शेवटी दुसऱ्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काम झाले. ही योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून तिला राष्ट्रपिता जोतिबांचे नाव मिळाले. आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचे, तो पूर्वमंजुरी मागवतो. योजना चांगली आहे, ती लढून मिळवली पाहिजे. तिच्यात शस्त्रक्रिया बसते, औषध बसते, रुग्णाचे जेवण बसते, रुग्णाचे परतीचे भाडेसुद्धा बसते. बसत नाही ते एकच : रुग्णाच्या उशाशी बसलेले माणूस. त्याचे जेवण नाही, त्याची झोपायची जागा नाही, त्याच्या बुडालेल्या मजुरीचा तर विचारच नाही.

ते माणूस म्हणजे बहुतेक वेळा बाईमाणूस. आमची मामी ऐन वेचणीच्या दिवसांत नागपूरला आली. पुरुषांच्या वॉर्डात रात्री बाईला थांबू देत नाहीत म्हणून ती बाहेर व्हरांड्यात चटईवर झोपायची आणि आत आम्ही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बापू, हे उठून बसले तर आपलं नशीब. पण इतके रोज पडले तर घरी पोरं काय खातीन?" आम्ही कोर्टात पुष्कळ बोलतो. या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी संमतीपत्र आले. कागद इंग्रजीत. सिस्टर म्हणाली, "नातेवाइकाची सही चालेल, लवकर करा." आम्ही सही केली नाही. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट केले आहे की सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच हवी. आणि काय करणार, धोका काय, दुसरा उपाय आहे काय, हे त्याला समजेल असे सांगितल्यानंतरची हवी. त्या खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेतली होती, ती न्यायालयाने मानली नाही. आम्ही डॉक्टरांना विनंती केली. मान्य केले पाहिजे, तो तरुण डॉक्टर भला होता. त्याने खाटेवर बसून मामांना मराठीत समजावले की जबड्याचा तुकडा निघेल, मानेतल्या गाठी निघतील, छातीचे मांस वर आणून गाल बांधू, काही दिवस गळ्याला छिद्र राहील, बोलता येणार नाही. मग मामांनी अंगठा दिला. तो अंगठा समजून दिलेला होता.

बोलता येणार नाही, हे आधी कळले म्हणून आम्ही त्या रात्री खुणा ठरवून घेतल्या. मामांना लिहिता येत नाही, पाटी-पेन्सिलीचा उपयोग नव्हता. खाटेच्या कडेवर एक टिचकी म्हणजे दुखते, दोन म्हणजे कफ अडकला, मूठ वळली म्हणजे लघवी. पुढच्या दिवसांत सर्वांत जास्त कामी आली ती ही टिचकी. ज्यांच्या घरात अशी शस्त्रक्रिया होणार आहे त्यांनी हे आदल्या दिवशीच करून ठेवावे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच मळात पडला होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागत तिथे आले. त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून त्यांनी सांगितले की तुमच्याजवळ आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीचे ते पाच गुण नागपूरच्या वॉर्डात आम्हाला जसेच्या तसे लागू पडताना दिसले.

पहिला गुण, औषध तयार करता आले पाहिजे. मामांच्या नाकातून पोटात नळी होती. दर दोन तासांनी दूध, वरणाचे पाणी, अंडे घोटून, गाळून, हळूहळू सोडायचे. डोके उंच ठेवायचे, नंतरही लगेच आडवे करायचे नाही. सिस्टरने एकदा दाखवले, पुढे मामी शिकली. दुसरा गुण, काय चालते आणि काय चालत नाही हे कळले पाहिजे. भेटायला आलेला प्रत्येक पाहुणा नारळपाणी तोंडाने पाजायला निघे! त्यांना थांबवणे हे सोबत्याचे काम. मानेजवळच्या नळीतून किती पाणी आले ते लिहून ठेवणे, बांधलेले मांस काळे-निळे पडते का, ताप, रक्तस्राव, दम लागतो का, जखमेतून दूध पाझरते का, हे पाहून तत्काळ सिस्टरला उठवणे, हेही त्याचेच काम.

तिसरा गुण, सेवा मायेने करावी, लाभासाठी नव्हे. शेताच्या तुकड्यासाठी उशाशी बसणारे नातेवाईक आम्ही कोर्टात रोज पाहतो. चौथा, मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस वाटता कामा नये. पाचवा, रुग्णाच्या मनाला उभारी येईल असे बोलता आले पाहिजे. "अमका याच रोगाने गेला" असे खाटेशेजारी उभे राहून सांगणारा पाहुणा भेटायला न आलेला बरा.

चौथ्या गुणाबद्दल थोडे कडू बोलणे भाग आहे. मामा घरी आले तेव्हा त्यांची ताटली आणि पेला वेगळा काढण्यात आला. नातवंडांना जवळ जाऊ नका म्हणून सांगितले गेले. तोंडाचा कर्करोग शिवल्याने, जवळ बसल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाणी वरून ओतून दिले गेले, ज्यांनी चवदार तळ्याचा संग्राम केला, त्यांच्याच घरात आजाऱ्याचा पेला वेगळा? ही नवी अस्पृश्यता आम्ही कोणत्या तोंडाने पाळतो?

हा रोग माणूस पाहत नाही. २००४ साली शरद पवार यांच्यावर तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. ते बरे झाले आणि पुढे दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री होते. म्हणजे हा रोग बरा होतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. आर. आर. पाटील यांना मात्र तोंडाच्याच कर्करोगाने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी नेले. रोग नेत्याला सोडत नाही, सालदारालाही सोडत नाही. फरक उशाशी असतो. नेत्याच्या उशाशी माणसांची रीघ, सालदाराच्या उशाशी एक उपाशी बाई.

यावर उपाय नाही असे कोणी म्हणू नये. आमच्याच परंपरेत तो आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी रुग्णांची सेवा करता करता देह ठेवला. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा देते. बाबासाहेबांच्या अखेरच्या आजारी वर्षांत नानकचंद रत्तू सरकारी नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ त्यांच्या सेवेला जात. ते ना पुत्र होते, ना भाऊ. सोबती नात्याचाच असावा लागतो असे नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. तालुक्यातल्या प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. तीत रक्तदात्यांची नावे गटासह लिहावीत. आपण १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला रक्त देतोच, ते वेळेवर आपल्या माणसालाही मिळावे. जे तरुण दोन-दोन रात्री रुग्णालयात थांबू शकतात त्यांची पाळी लावावी, म्हणजे एकाच बाईच्या अंगावर सगळे पडणार नाही. सोबत्याची जितकी मजुरी बुडेल तितकी वर्गणीतून तिच्या हाती द्यावी. जयंतीच्या डीजेचा खर्च एका वर्षी निम्मा केला तर काही घरांचा हंगाम वाचेल. आणि रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला या कागदांची पिशवी आधीच तयार करून देणारा एक शिकलेला माणूस प्रत्येक गावात असावा. मुंबईला जाणे झालेच, तर कर्करोग्याला आणि त्याच्या एका सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते, हे त्याला माहीत असावे.

डिस्चार्ज म्हणजे शेवट नव्हे, हेही त्या वहीत लिहून ठेवावे. कापलेल्या भागाचा तपासणी अहवाल आठ-पंधरा दिवसांनी येतो. त्यावर किरणोपचार लागतील की नाही हे ठरते, आणि लागले तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. आमचे लोक "ऑपरेशन झालं, रोग गेला" म्हणून गावी जातात आणि अहवाल रुग्णालयात पडून राहतो. तो आणायला जाणारे माणूस आजच ठरवा. रुग्णालय कागद देत नसेल तर लेखी अर्ज करा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे ७२ तासांत कागद देणे बंधनकारक आहे.

शासनाकडे आमची मागणी आहे : योजनेच्या प्रत्येक मोठ्या शस्त्रक्रियेत एका सोबत्याचे जेवण, निवारा आणि रोजगार हमीच्या दराने भत्ता समाविष्ट करा. सोबती नसेल तर तुमच्या पाच लाखांची शस्त्रक्रिया वॉर्डात वाया जाते. ही भीक नाही. जगण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये आहे आणि आरोग्य त्यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

मामांचे किरणोपचार पूर्ण झाले आहेत. बोलणे अजून बोबडे आहे, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, खर्रा सुटला आहे. परवा भेटायला गेलो तर त्यांनी खाटेच्या कडेवर एक टिचकी मारली. आम्ही घाबरून विचारले, दुखते काय? ते हसले आणि मामीकडे बोट दाखवले. अकरा दिवस व्हरांड्यात झोपलेल्या मामीची कंबर त्या दिवसापासून दुखते आहे. तिच्यासाठी कोणत्याही योजनेत, कोणत्याही कागदावर रकाना नाही.

तो रकाना आपण काढायचा आहे.

जयभीम!